हजार कोपरांचं गणित

टेनिस एल्बो शंभर प्रौढांमागे एक ते तीन जणांना असतो, असं वैद्यकीय पाहण्या सांगतात. पाहण्या बहुतेक परदेशातल्या. तरी महाराष्ट्रात सात कोटी प्रौढ धरून नुसता एक टक्का काढला, तर सात लाख माणसं होतात. वानखेडे एकवीस वेळा गच्च भरेल. यातल्या फार थोड्यांनी कधी रॅकेट धरलेली असते. कपडे पिळताना, कुलपात किल्ली फिरवताना, भरली कढई उतरवताना कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी कळ येते. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूचा टेंडन तिथेच चिकटलेला असतो.

1979 साली निर्शल आणि पेट्रोन या अमेरिकन सर्जननी 1,213 केसेसचा हिशोब मांडला. त्यातल्या 88 कोपरांवरच शस्त्रक्रिया झाली आणि 97.7 टक्के सुधारली. असा आकडा ऐकल्यावर कोण नाही म्हणेल? शस्त्रक्रिया तशी सुटसुटीत. काही सेंटिमीटरचा छेद, स्नायू बाजूला, मग टेंडन दिसतो. चांगला भाग पांढरा, चकचकीत. बिघडलेला करडा आणि भुसभुशीत. तो कापून काढायचा.

पुढे छेद लहान होत गेला. दुर्बिणीतून करायचं तर दोन बारीक भोकं पुरतात. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत जाड सुई आत घालतात. तिचं टोक सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा थरथरतं आणि खराब ऊतक फोडून शोषून घेतं. ब्रिटनमध्ये 2004 साली 47 कोपरांवर मोठा आणि छोटा छेद यांची तुलना झाली. छोट्या छेदाचे रुग्ण साधारण दोन आठवड्यांत कामावर परतले, मोठ्याचे पाच. पोट हातावर असलेल्याला हे तीन आठवडे म्हणजे जवळपास महिन्याची मजुरी.

इथवर छोटा छेद जिंकतो. पण या शर्यतीत तिसरा गडी आहे, आणि त्याची फी शून्य. उपचार न घेतलेल्या किंवा खोटे उपचार मिळालेल्या हजारभर रुग्णांचे आकडे 2022 साली एकत्र तपासले गेले. दर तीन महिन्यांत उरलेल्यांपैकी जवळपास निम्मे बरे होतात. हजारातले पाचशे उरतात, मग अडीचशे, सव्वाशे, आणि वर्षाअखेर साठ-पासष्ट. कागदावरचं हे गणित सोडा, प्रत्यक्षातही वर्षात नव्वदेक टक्के सावरतात. गंमत म्हणजे दुखणं जुनं असलं तरी हा वेग फारसा मंदावत नाही. ‘सहा महिने झाले, आता आपोआप जाणार नाही’ हे दवाखान्यातलं लाडकं वाक्य इथे लंगडं पडतं.

घाई महागही पडते. नेदरलँड्समध्ये 185 रुग्णांवर झालेल्या आणि 2002 साली छापून आलेल्या अभ्यासात सहा आठवड्यांनी स्टिरॉइड इंजेक्शनवाले 92 टक्के खूश होते, नुसती वाट पाहणारे 32 टक्के. वर्षाने इंजेक्शनवाले 69 वर घसरले, वाट पाहणारे 83 वर पोचले आणि फिजिओथेरपीवाले 91 वर.

मग शस्त्रक्रियेच्या त्या 97.7 मधलं सुरीचं किती? सिडनीत हे सरळ तपासलं गेलं. निष्कर्ष 2018 साली आले. सहा महिन्यांहून जास्त दुखणाऱ्या 26 जणांना भूल दिली. तेरा जणांचा बिघडलेला टेंडन कापून काढला. उरलेल्या तेरांना छेद दिला, टेंडन उघडा केला आणि हात न लावता शिवून टाकलं. आपल्या वाट्याला काय आलं हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांचं दुखणं सारखंच उतरलेलं. अडीच वर्षांनीही फरक नाही. सव्वीस हा आकडा तुटपुंजा आहे, म्हणून शस्त्रक्रिया मोडीत काढायची नाही. वर्ष उलटूनही कप उचलता येत नाही असे काही उरतातच, आणि सात लाखांतले पाच टक्के धरले तरी ते पस्तीस हजार होतात. त्यांच्यासाठी सुई की सुरी हा वाद खरा आहे. बाकीच्यांनी ‘यश नव्वद टक्के’ ऐकलं की डॉक्टरांना एवढं विचारावं: काहीच केलं नाही तर किती?