बॉब डिलन, क्रमाने – लेखांक ५ : वगळले जाणारे अल्बम

मागच्या लेखांकात आपण १९९०च्या ‘अंडर द रेड स्काय’पाशी थांबलो. जॉर्ज हॅरिसन, एल्टन जॉन, स्लॅश अशी मातब्बर मंडळी साथीला असूनही तो अल्बम पोकळ का वाटतो, ते आपण पाहिलं. त्यानंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम डिलनने काढला तो थेट १९९७ साली. ‘टाइम आउट ऑफ माइंड’ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं आणि छप्पन्न वर्षांच्या या माणसाकडे लोक पुन्हा कान देऊ लागले. डिलनच्या उत्तरार्धाची गोष्ट सहसा इथूनच सांगायला घेतात. मधले दोन अल्बम, १९९२चा ‘गुड अ‍ॅज आय बीन टू यू’ आणि १९९३चा ‘वर्ल्ड गॉन राँग’, यांची बोळवण एका ओळीत होते, कारण त्यांत डिलनने लिहिलेलं एकही गाणं नाही. पुढे २०१५ ते २०१७ या काळात त्याने अमेरिकेच्या जुन्या लोकप्रिय गीतांचे तीन संच काढले. त्यांच्या वाट्यालाही हेच आलं. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. डिलनचा उत्तरार्ध समजून घ्यायचा असेल तर हे वगळले जाणारे अल्बमच सर्वांत लक्षपूर्वक ऐकायला हवेत. त्याच्या स्वतःच्या उत्तम गाण्यांची पूर्वतयारी तिथे झाली आहे, आणि ती कानांना स्पष्ट ऐकू येते.

आधी १९९२-९३चे दोन अल्बम घेऊ. मालिबूच्या घरच्या गॅरेजमधल्या स्टुडिओत एकटा डिलन, हातात अकूस्टिक गिटार, जोडीला हार्मोनिका, आणि बाकी काहीही नाही. गाणी सगळी जुनी: समुद्रावरची बॅलड्स, खुनांच्या कहाण्या, ब्लाइंड विली मॅकटेल आणि मिसिसिपी शीक्स यांचे ब्लूज. ‘अंडर द रेड स्काय’मध्ये ज्या आवाजाला दहा वाद्यांच्या वर चढावं लागत होतं, तो इथे माइकच्या अगदी जवळ येऊन बोलल्यासारखा गातो. घोगरेपणा लपवत नाही. त्याच घोगरेपणातून गाण्यातल्या माणसाचं वय उभं करतो. ‘डेलिया’ ऐकताना तर खून झालेल्या मुलीची कहाणी तिच्या ओळखीचा कुणी थकलेला शेजारी सांगतो आहे असं वाटतं. ‘वर्ल्ड गॉन राँग’च्या वेष्टनावर डिलनने स्वतः टिपण लिहून कोणतं गाणं कुणाकडून आपल्यापर्यंत आलं ते नोंदवलं. आधीच्या अल्बमवर हे श्रेय नीट न दिल्याबद्दल टीका झाली होती. हा तपशील लक्षात ठेवू, पुढे तो कामाला येणार आहे.

आता याच्या पाठोपाठ ‘टाइम आउट ऑफ माइंड’ लावा. ‘ट्राइंग टू गेट टू हेवन’ या गाण्यात जुन्या लोकगीतांतले शब्दप्रयोग ठिकठिकाणी विणलेले आहेत. रेल्वे, नदी, बंद होणारं दार, वाट चालत राहणारा एकटा माणूस, हे सगळं सामान त्या जुन्या भांडारातलं आहे. सोळा मिनिटांहून लांब असलेल्या ‘हायलँड्स’ची गिटारवरची आवर्तनं चार्ली पॅटनच्या काळातल्या ब्लूजच्या वळणाची आहेत. ऐंशीच्या दशकातल्या अल्बममध्ये डिलन आपल्या काळाच्या भाषेत बोलायची धडपड करत होता आणि ती भाषा त्याच्या तोंडी बसत नव्हती. इथे ती धडपड संपलेली आहे. कुठल्याही दशकाची नसलेली बोली त्याला सापडली आहे, आणि ती सापडण्याची जागा म्हणजे गॅरेजमधली ती तेवीस गाणी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हा अल्बम मृत्यूच्या सावलीत जन्मला, त्याचं गांभीर्य आजारपणातून आलं. १९९७च्या मे महिन्यात बुरशीजन्य संसर्गामुळे हृदयाच्या आवरणाला सूज येऊन डिलन रुग्णालयात होता, हे खरं. पण अल्बमचं ध्वनिमुद्रण त्याच वर्षी जानेवारीत मायामीत झालं होतं. आजार नंतर आला. श्रोत्यांनी तो मागे नेऊन गाण्यांना चिकटवला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे सगळं निर्माता डॅनियल लान्वाचं श्रेय, त्याने त्या आवाजाभोवती जे धुकं उभं केलं त्याचं. लान्वाचं काम मोठं आहे, ते नाकारण्याचं कारण नाही. पण या आक्षेपाची परीक्षा घेण्याची सोय आता झाली आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रॅगमेंट्स’ या संचात तोच अल्बम नव्याने मिश्रण करून दिला आहे आणि त्यात ते धुकं बरंचसं काढलेलं आहे. गाणी तरीही उभी राहतात. ‘मिसिसिपी’चा पुरावा तर याहून पक्का. हे गाणं याच सत्रांत ध्वनिमुद्रित झालं, पण डिलनने ते बाजूला ठेवलं. १९९८ साली शेरिल क्रोने ते गायलं. आणि मग २००१च्या ‘लव्ह अँड थेफ्ट’मध्ये त्याने स्वतः, निर्माता म्हणून ‘जॅक फ्रॉस्ट’ हे टोपणनाव घेऊन, आपल्या दौऱ्यावरच्या वादकांबरोबर मोकळ्या, स्वच्छ ध्वनीत ते केलं. लान्वाशिवाय ते गाणं अधिकच खुलतं.

‘लव्ह अँड थेफ्ट’पासून मात्र माझ्या मांडणीला एक अडचण येते आणि ती टाळता येणार नाही. हा अल्बम, २००६चा ‘मॉडर्न टाइम्स’ आणि २०१२चा ‘टेम्पेस्ट’ यांच्या लगेच आधी जुन्या गाण्यांचा तसा अल्बम नाही. मग पूर्वतयारी कुठे झाली? स्टुडिओबाहेर, असं उत्तर मिळतं. १९९९ ते २००२ या वर्षांत डिलनच्या मैफली बऱ्याचदा राल्फ स्टॅन्लीच्या ‘आय अ‍ॅम द मॅन, थॉमस’सारखी गाणी किंवा तत्सम लोकगीतं गाऊन सुरू होत. रोज संध्याकाळी, हजारो लोकांसमोर, स्वतःचं पहिलं गाणं गाण्याआधी दुसऱ्याचं. ‘मॉडर्न टाइम्स’ आला त्याच वर्षी त्याचा ‘थीम टाइम रेडिओ अवर’ सुरू झाला. हवामान, आई, दारू असा एकेक विषय घेऊन त्यावरची जुनी गाणी लावायची, असा तो कार्यक्रम. २००९पर्यंत त्याचे शंभर भाग झाले. ‘मॉडर्न टाइम्स’मधलं ‘व्हेन द डील गोज डाउन’ बिंग क्रॉसबीच्या गाण्याच्या चालीवर बेतलेलं आहे, ‘बियाँड द होरायझन’ ‘रेड सेल्स इन द सनसेट’च्या. १९७६च्या ‘डिझायर’नंतर अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेला डिलनचा हा पहिलाच अल्बम, आणि तो बनला आहे आजोबांच्या पिढीच्या चालींतून.

इथे उचलेगिरीचा प्रश्न येतोच. ‘लव्ह अँड थेफ्ट’मध्ये जुनिची सागा या जपानी लेखकाच्या पुस्तकातली वाक्यं सापडली, ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये अमेरिकन यादवीच्या काळातला कवी हेन्री टिमरॉड. डिलनचे चाहते लोकपरंपरेकडे बोट दाखवून हे सगळं झटकून टाकतात. मला ते पुरेसं वाटत नाही. विखुरलेल्या वाक्यांतून नवं गाणं घडवणं ही कला आहे आणि त्या गाण्यांचा अर्थ मूळ पुस्तकांत शोधूनही मिळत नाही, इथपर्यंत मी त्याच्या बाजूने आहे. पण ‘मॉडर्न टाइम्स’मधलं ‘रोलिन अँड टम्बलिन’ हे मुळात विली न्यूबर्नने १९२९ साली ध्वनिमुद्रित केलेलं, मडी वॉटर्सने गाजवलेलं गाणं. त्याचे शब्द बरेचसे बदलून त्याखाली फक्त स्वतःचं नाव लिहिणं ही वेगळी गोष्ट झाली. नावं लिहिता येतात हे त्यानेच ‘वर्ल्ड गॉन राँग’च्या वेष्टनावर दाखवलं होतं. त्याचाच मापदंड त्याला लावला तर इथे तो कमी पडतो. याने माझी मांडणी मात्र कमकुवत होत नाही. या अल्बममधली ताकद दुसऱ्यांच्या गाण्यांतून येते, हे त्याच्या टीकाकारांनीच सर्वांत काटेकोरपणे सिद्ध केलं आहे.

२००९चा ‘टुगेदर थ्रू लाइफ’ रंजक आहे, त्यावर फार थांबायला नको. त्याच वर्षीचा नाताळगीतांचा ‘ख्रिसमस इन द हार्ट’ मात्र माझ्या विरोधातला साक्षीदार आहे. सगळी गाणी दुसऱ्यांची, आणि त्यातून पुढे काही उगवल्याचं दिसत नाही. १९८६ आणि १९८८च्या ‘नॉक्ड आउट लोडेड’ व ‘डाउन इन द ग्रूव्ह’मध्येही दुसऱ्यांची गाणी भरपूर होती आणि ते दोन्ही त्याच्या सर्वांत दुबळ्या अल्बममध्ये मोडतात. म्हणजे नुसतं जुनं गायल्याने काही होत नाही. ऐंशीच्या दशकातल्या त्या अल्बममध्ये स्टुडिओ बदलत होते, वादक बदलत होते आणि जुनी गाणी जागा भरायला घेतलेली होती. नाताळगीतांत तर कोरस आणि घंटांच्या गर्दीत त्याचा फाटलेला आवाज एकटा पडतो. फळ येतं ते एकाच प्रकारच्या गाण्यांना, मोजक्या साथीने, दीर्घकाळ धरून राहिल्यावर. शास्त्रीय गायक रियाजाला बसतो तसं ते बसणं आहे, आणि तसं ते १९९२-९३मध्ये घडलं व त्यानंतर २०१५मध्ये.

२०१५चा ‘शॅडोज इन द नाइट’, २०१६चा ‘फॉलन एंजल्स’ आणि २०१७चा तिहेरी ‘ट्रिप्लिकेट’. दहा, बारा आणि तीस, म्हणजे एकूण बावन्न गाणी, आणि त्यांतली जवळजवळ सगळी एकेकाळी फ्रँक सिनात्राने गायलेली. पहिला अल्बम हॉलिवूडच्या कॅपिटल स्टुडिओत, कानांना हेडफोन न लावता, सगळ्यांनी एकत्र वाजवत आणि नंतर वर काही न चढवता केला. सिनात्रामागे वाजणाऱ्या व्हायोलिनांच्या ताफ्याचं काम डॉनी हेरनची पेडल स्टील गिटार करते, टोनी गार्निए बासवर गज फिरवतो, ढोलकांचा आवाज जवळजवळ नाहीच. ‘टेम्पेस्ट’मध्ये डिलनचा गळा खरवडून निघत होता, तालाला रेटा देत, शब्द चावत तो चौदा मिनिटं टायटॅनिकची कथा सांगत होता. अडीच वर्षांनी हाच माणूस स्वर धरून ठेवतो, श्वास मोजून सोडतो, ओळ संपेपर्यंत तिच्याबरोबर राहतो. तालाचा आधार नसल्यावर गायकाला दुसरा पर्याय उरत नाही. त्यावेळी अनेकांनी याला लेखणी आटल्याची कबुली म्हटलं. लेखणी थांबली होती हे खरंच आहे, ‘टेम्पेस्ट’नंतर आठ वर्षं नव्या गाण्यांचा अल्बम नाही. पण थांबण्याच्या काळात माणूस काय करत होता, हा प्रश्न त्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

त्याचं उत्तर जून २०२०च्या ‘रफ अँड राउडी वेज’मध्ये मिळतं. तेव्हा डिलन एकोणऐंशी वर्षांचा होता. कुणी म्हणेल, आधी घडलं म्हणून त्यामुळेच घडलं असं कशावरून? नुसता क्रम पाहिला तर हा आक्षेप योग्य आहे. म्हणून क्रमापेक्षा गुण पाहू: ‘टेम्पेस्ट’मध्ये नसलेले, सिनात्राच्या गाण्यांत आलेले आणि इथे टिकलेले. ‘आय कन्टेन मल्टिट्यूड्स’मध्ये ठेका नाही, ओळी बोलण्याच्या लयीत सुटतात आणि शेवटचा स्वर हलकेच खाली ठेवला जातो. ‘आय हॅव मेड अप माय माइंड टू गिव्ह मायसेल्फ टू यू’ची चाल ऑफेनबाखच्या बार्कारोलवरून येते आणि डिलन ती खऱ्या अर्थाने गातो, २०१२चा त्याचा गळा हे गाणं पेलू शकला नसता. हेरन, गार्निए आणि चार्ली सेक्स्टन हे तिघे दोन्हीकडे आहेत, आणि गायकाला मध्यभागी ठेवून बाकी सगळ्यांनी मागे सरण्याची ती सवयही तशीच आहे. ‘फॉल्स प्रॉफेट’ पुन्हा एका जुन्या, १९५४च्या ब्लूज गाण्याच्या सांगाड्यावर उभं आहे आणि मूळ गायकाचं नाव पुन्हा गायब आहे, हेही नोंदवायला हवं.

सगळ्यात मोठा पुरावा शेवटी येतो. जवळजवळ सतरा मिनिटांचं ‘मर्डर मोस्ट फाउल’ केनेडींच्या हत्येबद्दल आहे, पण अर्ध्या वाटेवर ते वळतं आणि वुल्फमन जॅक या रेडिओ निवेदकाकडे गाण्यांच्या फर्माइशी करू लागतं. हे लाव, ते लाव, असं करत अमेरिकन संगीताचं एक शतक त्या यादीत उतरतं. रेडिओवरचे शंभर भाग, सिनात्राची बावन्न गाणी, गॅरेजमधली तेवीस जुनी गाणी, हे सगळं आतापर्यंत डिलनच्या गाण्यांच्या मागे होतं. या गाण्यात ते पुढे येऊन स्वतःच गाण्याचा विषय झालं. २०२१ साली त्याने ‘शॅडो किंग्डम’मध्ये मोजक्या साथीची हीच रीत, ढोलकांशिवाय, स्वतःच्या मुख्यतः साठ-सत्तरच्या दशकांतल्या गाण्यांवर वापरली. ती गाणीही आता त्याच्यासाठी दुसऱ्या कुणाची झाली होती का, ते पुढच्या आठवड्यात ऐकू.