हद्दीवरचा मुक्काम

सहकुटुंब अरण्ययात्रेचा बेत ठरला की घरोघरी पहिली चर्चा होते ती वाघ दिसेल की नाही याची; परंतु ज्या कुटुंबाने मोटारीच्या टपावर तंबू बांधून आणि शिधा बरोबर घेऊन ताडोब्याची वाट धरली आहे, त्याच्यापुढे रात्री पथारी कोठे पसरावी हा अधिक निकडीचा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर शोधताना अरण्याची जी ओळख घडते, ती नुसत्या सफारीने सहसा घडत नाही.

मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाल्यापासून पश्चिमेकडील कुटुंबांना विदर्भ पुष्कळच जवळ आला आहे. मात्र त्याच्या काँक्रीटवर उन्हाळ्यात चाके भलतीच तापत असल्यामुळे टायरांतील हवा तपासून घेणे आणि वाटेत वरचेवर विसावा घेणे अगत्याचे ठरते. वर्ध्याजवळ महामार्ग सोडला की हिंगणघाट, वरोरा, भद्रावती असे करीत चंद्रपूर गाठावे आणि तेथून इरई धरणाच्या बाजूने मोहर्लीच्या प्रवेशद्वाराकडे वळावे. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी; तिचा परकोट आजही उभा आहे, आणि ताडोब्याच्या वाटेवर गोंडकालीन म्हणून दाखविले जाणारे दगडी खांबही रानात दिसतात.

ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. १९५५ मध्ये सुमारे ११६ चौरस किलोमीटर क्षेत्राला हा दर्जा मिळाला, १९८६ मध्ये शेजारचे अंधारी अभयारण्य जाहीर झाले, आणि पुढे दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प होऊन सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा गाभा निश्चित झाला. त्याभोवती अकराशे चौरस किलोमीटरांचे बफर क्षेत्र आहे. गाभ्यात परवान्यावाचून प्रवेश नाही, मार्गदर्शकावाचून फिरता येत नाही आणि तंबू ठोकण्यास तर साफ मज्जाव आहे. साहजिकच तंबूवाल्या कुटुंबाचा मुक्काम पडतो तो बफरमध्ये, गावाच्या आणि रानाच्या हद्दीवर, तोही परवानगी असलेल्या जागीच.

चैत्राच्या सुमारास अशा एका जागी आम्ही सामान उतरवीत असता रखवालदाराने प्रथम आसपासची झाडे न्याहाळली आणि मग सांगितले, "भाऊ, त्या मोहाखाली तंबू नका लावू जी, रात्री अस्वल येते." मोहाची फुले रात्री व पहाटे गळतात, त्यांच्या गोड वासाने अस्वले येतात, आणि तीच फुले वेचण्यासाठी गावातील बायाबापड्याही तांबडे फुटण्यापूर्वी टोपल्या घेऊन निघतात. खाद्यपदार्थ तंबूत न ठेवता गाडीत बंद करणे, खरकटे न सांडणे आणि अंधारात मुलांना एकटे न सोडणे, हे तेथील नियम का आहेत हे मग निराळे समजावून द्यावे लागत नाही.

सकाळी जिप्सीत बसल्यावर मुलांची नजर साग आणि बांबूंच्या आड पिवळ्या अंगावरचे काळे पट्टे शोधीत असते. मार्गदर्शक मात्र कानाने रान वाचतो. चितळ एखाद्या किरकोळ शंकेनेही ओरडते, वानर उंचावरून पाहून खाकरते; परंतु सांबराने ढाँक दिली की चालक गाडी थांबवितो, कारण सांबर विनाकारण फारसे ओरडत नाही. ताडोबा तलावात मगरी आहेत, आणि काठावर तारूचे देवस्थान आहे. वाघाशी झुंजताना मरण पावलेला हा गावप्रमुख पुढे देव झाला, अशी गोंडांची श्रद्धा असून या वनाचे नावही त्याच्यावरूनच पडले असे मानतात.

ही कथा केवळ पुराणी समजण्याचे कारण नाही. नवेगाव, जामणी यांसारखी गावे गाभ्यातून उठवून बाहेर वसविण्यात आली. परंतु वाघ आखलेल्या रेषेपाशी थांबत नाही, आणि बफरमधील शेतकऱ्याला रात्रीची राखण, गुराख्याला चराई व मजुराला तेंदूपाने सोडून चालत नाही. आपण रात्रभर ज्या सावधगिरीने कापडी भिंतींच्या आत झोपतो, ती या माणसांना बारमाही बाळगावी लागते. यास्तव सफारीसाठी दाम मोजणाऱ्या कुटुंबाने शिधा, दूधदुभते आणि मुक्कामाची जागा बफरमधील गावकऱ्यांकडूनच घ्यावी, असे मला वाटते. कारण जंगल राखण्याचा सर्वांत मोठा खर्च ज्याच्या माथी पडतो, त्याला जंगलाच्या उत्पन्नात वाटा मिळणे ही मेहेरबानी नव्हे, तो त्याचा हक्क आहे.