परदेशात मोठी रक्कम पाठवताय? चार्ज नंतर बघा, आधी रेट विचारा



आपल्या नवापूर स्टेशनवरचा तो बाक तुम्हाला माहीतच आहे. अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. थोडं सरकलं की राज्य बदललं, खर्च शून्य! पैशाला देशाची हद्द ओलांडायची असेल तर मात्र खर्च येतो. आणि त्यातला मोठा खर्च चार्जच्या यादीत दिसतच नाही. हे मी स्वतःचा खिसा कापून शिकलोय.

चीनमधून १२,००० डॉलरचं पॅकिंग मशीन मागवलं होतं. बँकेत १,००० रुपये ट्रान्सफर चार्ज होता. अर्धा तास घासाघीस केली, ५०० कमी करून घेतले, खूश होऊन दुकानात आलो. रात्री हिशेब मांडला. बाजारातला रेट आणि मला लावलेला रेट यात डॉलरमागे १ रुपया ४० पैशांचा फरक होता. म्हणजे १६,८०० रुपये! त्यात पार्टीला ३५ डॉलर कमी पोहोचले, म्हणून मशीन आठवडाभर अडकलं ते वेगळंच.

तुमचं असं होऊ नये म्हणून हे लक्षात ठेवा.

१. कागद आधी, पैसे नंतर. धंद्यासाठी माल मागवताय तर डीजीएफटीच्या वेबसाइटवरून आयईसी काढा. सरकारी फी ५०० रुपये. पैसे फर्मच्या चालू खात्यातूनच, पार्टीच्या प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर पाठवा. माल आला की बिल ऑफ एन्ट्री बँकेत द्यायला विसरू नका.

२. एकच प्रश्न विचारा. "माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जाणार आणि समोर नेमके किती डॉलर पोहोचणार?" हे दोन आकडे दोन-तीन बँकांकडून एकाच दिवशी, एकाच वेळी घ्या. मग कोण स्वस्त, ते आपोआप कळतं.

३. रेटवर घासाघीस करा. बँकेच्या छापील यादीतला रेट म्हणजे कार्ड रेट. रक्कम मोठी असेल तर "ट्रेझरीकडून रेट मागवून द्या" असं स्पष्ट सांगा. छोट्या शाखेत हे काम बऱ्याचदा मोठ्या शाखेकडे जातं, म्हणून दोन-चार दिवस हाताशी ठेवा. घाईत गेलात की मिळेल तो रेट घ्यावा लागतो. २०१९ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा एफएक्स-रिटेल हा प्लॅटफॉर्मही आहे. आपल्या बँकेमार्फत नोंदणी करून तिथे बाजारातल्या रेटच्या जवळपास डॉलर घेता येतात. बँकेचं मार्जिन किती, ते आधी विचारून घ्या.

४. मधल्या बँकेचा चार्ज कोण भरणार? स्विफ्टच्या फॉर्मवर ‘ओयूआर’ निवडलं तर चार्ज आपल्याकडे, ‘एसएचए’ निवडलं तर वाटून. पूर्ण रक्कम पोहोचायलाच हवी असेल तर ‘ओयूआर’ घ्या. माझे ३५ डॉलर इथेच गेले.

५. उगाच तुकडे करू नका. दर वेळी ठरावीक चार्ज लागतोच. रुपयाचे डॉलर करताना जीएसटीही लागतो, पण १० लाखांवर तो साधारण ९९० रुपयेच होतो. खरी गळती रेटमध्येच आहे.

मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी पाठवायचे असतील तर नियम वेगळा. तिथे एलआरएस लागू होते: माणशी वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत. १ एप्रिल २०२५ पासून वर्षात १० लाख रुपयांच्या वर टीसीएस कापला जातो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर तो नाही. आणि कापलेला टीसीएस बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो.

आता कुणीतरी म्हणेल, "भाऊ, कशाला एवढी कटकट? हवाल्याने पाठव, स्वस्तात काम होईल." नको! फेमा कायद्यात रकमेच्या तिप्पटपर्यंत दंड आहे. आणि पार्टी फिरली तर तुमच्या हातात पुरावाच नाही.

शेवटचं. "आमचं बँक खातं बदललंय" असा ईमेल आला तर लगेच पैसे टाकू नका. जुन्या नंबरवर व्हिडिओ कॉल करून खात्री करा. चुकीच्या खात्यात गेलेल्या पैशाला कुठलाच चांगला रेट वाचवत नाही.

पुढच्या वेळी बँकेत जाताना एका कागदावर ते दोन आकडे लिहून न्या: जाणारे रुपये, पोहोचणारे डॉलर. बाकी बोलणं त्यानंतर!