तेलाचा हिशेब आणि घरातील माउली

1998 साली धुळ्यातून वेगळा झालेला आपला नंदुरबार जिल्हा कुपोषणाच्या बातम्यांमुळे राज्यभर माहीत झाला. त्या बातम्या बालकांच्या असतात. परंतु बालकांना वाढवून आज चाळिशी-पन्नाशीला आलेल्या माता-भगिनींच्या ताटात काय पडते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. म्हणून आम्ही आज त्यांच्या ताटातील तेलाविषयी लिहीत आहोत.

तेल हे विष नव्हे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थाशिवाय नीट अंगी लागत नाहीत. 1 ग्रॅम तेलातून 9 उष्मांक मिळतात. तेवढ्याच पिठातून त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. तेव्हा गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनीने कोरडी भाकरी आणि ठेच्यावर दिवस काढणे बरे नाही. मात्र मिरचीच्या पथारीवर बसून देठ खुडणाऱ्या किंवा शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईला तेल कमी पुरते. पाळी जाण्याच्या वयात तर अधिक सांभाळावे लागते. त्या वेळी शरीरातील इस्ट्रोजेन घटते, रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढू लागते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

मग तेल किती खावे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2011 साली सांगितलेले प्रमाण असे: बैठे काम करणाऱ्या स्त्रीला रोज 20 ग्रॅम, मध्यम श्रमाला 25 आणि जड कष्टाला 30. आता घरचा हिशेब करू. 1 लिटरच्या पिशवीत सुमारे 910 ग्रॅम तेल असते. पाच माणसांच्या घरात महिन्याला 4 पिशव्या लागल्या, तर दर माणशी रोज 24 ग्रॅम पडतात. 6 पिशव्या संपल्या तर 36 ग्रॅम! बाहेरची भजी आणि शेव त्यात धरलेली नाही.

तेल कोणते, हाही प्रश्न आहे. 2022 च्या दिवाळीला रेशनवर 100 रुपयांत मिळालेल्या 'आनंदाचा शिधा'त 1 लिटर पामतेल होते. पामतेलातील जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी असते. शेंगदाणा तेलात तिचे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते. तेव्हा स्वस्त मिळाले म्हणून पामतेल सढळ हाताने ओतू नये. आलटून पालटून तेल वापरावे. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. जवसाची चटणी रोज एक चमचा खावी. हृदयाला हितकारक ओमेगा-3 जवसातून मिळते. शेंगदाण्यातही निम्मे तेलच असते, हे कूट घालताना ध्यानात ठेवावे.

आता खरी गोष्ट. रश्श्यावरची तर्री आधी पुरुषांच्या वाटीत जाते. शेवटी जेवणाऱ्या बाईला पातळ रस्सा उरतो. सणाला मात्र उरलेले तळण वाया जाऊ नये म्हणून तेही तीच संपवते. म्हणजे कधी उपासमार, कधी अतिरेक! सर्वांनी एकत्र बसून जेवले तर हा अन्याय आपोआप मिटेल.

तिशीनंतर सरकारी आरोग्य उपकेंद्रात रक्तदाब व साखर मोफत तपासतात. आशाताईंना विचारून जरूर जा. आणि आजच एक करा: तेलाची पिशवी फोडाल ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. महिन्याअखेरीस पतिराजांनी व मुलांनीही तो हिशेब पाहावा. घर चालवणारी माउली धडधाकट राहिली, तरच घर उभे राहते.