मांड मोडल्यावर

घोडेस्वाराचे सारे कसब मराठीत एका शब्दात सांगायचे तर तो शब्द म्हणजे 'मांड'. अमक्याची मांड पक्की, तमक्याची कच्ची, असे म्हटले की त्यात सगळे आले. शहरातल्या वाचकांना घोडा भेटतो तो चौकातल्या पुतळ्यात, लग्नाच्या वरातीत, नाहीतर म्हणींमध्ये. घोडामैदान जवळच असते, वरातीमागून घोडे येतात आणि निवडणूक आली की खोगीरभरती होते. (खोगिराच्या गादीत कोंबायच्या चिंध्या-चिरगुटांना खोगीरभरती म्हणत, हे किती जणांना ठाऊक असेल?) परंतु ज्यांचे पोट घोड्यावर चालते त्यांच्या घरी मांड ही पिठामिठासारखी रोजची वस्तू असते. आणि ती मोडते. हाड मोडले तर डॉक्टर निदान किती आठवडे लागतील ते सांगतात. मांड मोडली तर कोणाला विचारायचे, हाच प्रश्न असतो. पुष्कळदा ती मोडली आहे हे कबूल करायलाच कोणी तयार नसते.

मी माथेरानची. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचे हे गाव मोटारींना बंदी असल्यामुळे प्रसिद्ध आहे. नेरळहून वर येणाऱ्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे पायी जावे, १९०७ साली सुरू झालेल्या छोट्या रेल्वेने जावे किंवा घोड्यावर बसावे. डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षाही आल्या. त्यावरून गावात दोन तट आहेत, पण तो या लेखाचा विषय नव्हे.

आमच्या घरी आजोबांपासून घोड्याचा धंदा. आजोबांचा अंगठा, बाबांची शाळा सातवीपर्यंत, आणि कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली. माझी फी, पुस्तके, लोकलचा पास हे सारे चांदणी नावाच्या एका पांढऱ्या घोडीच्या पाठीवरून येते. सुट्टीत आणि मे महिन्यात बाबा एक घोडा घेऊन नाक्यावर जातात आणि मी चांदणीला घेऊन. गिऱ्हाइकाला घेऊन जाताना आम्ही लगाम धरून चालतो. पण गिऱ्हाईक हॉटेलवर सोडले की रिकाम्या घोडीवर बसून परतावे लागते. चालत परतले तर दिवसाच्या दोन फेऱ्या बुडतात. तेव्हा तिच्या पाठीची मला भीती बसली, ही आमच्या घरात माझी एकटीची गोष्ट राहू शकली नाही.

ती बसली कशी, हे थोडक्यात सांगते. मी सतरा वर्षांची होते. बारावीचे वर्ष, मे महिना. एका बंगल्याच्या पत्र्यावर झाडावरून तीन-चार माकडे एकदम कोसळली. चांदणी बाजूला उसळली, मी लाल मातीत पडले आणि हासळीचे हाड मोडले. यात कोणाची चूक नव्हती, माकडांचीही नव्हती. दीड महिन्यात हाड जुळले. त्यानंतर मी खोगिरावर हात ठेवला आणि तळव्याला दरदरून घाम फुटला. सातव्या वर्षापासून जिच्यावर बसत आले तीच घोडी मला उंच वाटू लागली.

घोडा बुजतो म्हणजे काय होते, ते आधी समजून घेतले पाहिजे. आपण त्याला शूर प्राणी म्हणतो. वस्तुतः तो पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याला शिंगे नाहीत. त्याच्या संरक्षणाची सारी भिस्त चार पायांवर आणि दोन डोळ्यांवर. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत घोड्याचे डोळे सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी आहेत आणि ते डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. कपाळाच्या अगदी पुढची जागा आणि शेपटीच्या थेट मागची जागा एवढ्याच त्याला दिसत नाहीत. कान एकमेकांपासून स्वतंत्र फिरतात. असा प्राणी पत्र्यावर काय वाजले याची चौकशी करीत थांबत नाही. तो आधी उडी घेतो. हजारो वर्षे ज्या घोड्यांनी आधी चौकशी केली त्यांना वाघ-लांडग्यांनी खाल्ले असणार.

आता दुसरी बाजू पाहू. भ्यालेला माणूस काय करतो? तो आवळला जातो. खांदे पुढे येतात, पाठीची कमान होते, टाचा वर जातात, गुडघे खोगिराला चिमट्यासारखे घट्ट बसतात, लगाम आखडला जातो आणि श्वास कोंडतो. हे सगळे आपण पडू नये म्हणून शरीर आपोआप करते. परंतु घोड्याच्या भाषेत यातल्या एकेका गोष्टीला निराळा अर्थ आहे. पुढे झुकलेले अंग आणि पोटाला रुतलेले पाय म्हणजे 'पळ'. आखडलेला लगाम म्हणजे 'थांब'. दोन्ही हुकूम एकाच वेळी मिळाल्यावर बिचारे जनावर मान झटकते, तिरके चालते, तोंडातली लोखंडी कडी चावत राहते. ते पाहून स्वार आणखी आवळला जातो. शिवाय गुडघे आवळले की बैठक खोगिरातून वर उचलली जाते. म्हणजे ज्या चिमट्याने आपण स्वतःला वाचवू पाहतो तोच चिमटा आपल्याला सैल करतो. मांड मोडणे म्हणतात ते हेच. भीती मनात जन्मत असेल, पण घोड्यापर्यंत ती पोचते ती गुडघ्यांतून.

हे केवळ घोडेवाल्यांचे म्हणणे नाही. २००९ साली स्वीडनमधील लिंडा कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी घोडा घेऊन, काहींनी हातात धरून आणि काहींनी वर बसून, ठरलेल्या दोन टोकांमध्ये फेऱ्या मारायच्या होत्या. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगण्यात आले की, घोडा जवळून जाताना या खेपेला एक छत्री फटकन उघडली जाईल. छत्री प्रत्यक्षात उघडलीच नाही. तरीही ती उघडणार या नुसत्या कल्पनेने माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही वाढले. घोड्यांना छत्रीची बातमी कोणी दिली नव्हती. विश्रांतीत घोड्याचे हृदय मिनिटाला साधारण २८ ते ४४ वेळा पडते, आपल्यापेक्षा कितीतरी सावकाश. पण आपली धडधड त्याला कळायला वेळ लागत नाही. मानसशास्त्राच्या संदर्भात हे वाचल्यावर मला पहिला आनंद असा झाला की, मी भित्री ठरत नव्हते. पत्र्याच्या बंगल्याजवळ चांदणी बिथरत होती ती पत्र्याला नव्हे, मला.

आमच्या गावात पडलेल्या माणसाला एकच उपाय सांगतात : "लगेच बस, नाहीतर भीती बसेल." मराठीत भीतीही बसतेच, तेव्हा तिच्या आधी आपण बसावे, असा यातला हिशेब असावा. माझ्या मते हा उपाय अर्धाच खरा आहे. मार लागलेला नसेल, घोडा शांत असेल आणि पडणाऱ्याचीच इच्छा असेल तर दोन मिनिटे पुन्हा बसून सावकाश चार पावले चालणे चांगलेच. परंतु डोक्याला मार लागला असेल, गरगरत असेल किंवा मळमळत असेल तर त्याला पुन्हा वर चढवणे म्हणजे निव्वळ क्रूरपणा. त्याला डॉक्टरांकडे न्यावे. आणि हात थरथरणाऱ्या माणसाला चारचौघांनी हसून वर ढकलले तर तो घोड्यावर बसतो तो लाजेने. लाजेने बसलेल्याचे गुडघे आवळलेलेच असतात. मग दुसऱ्यांदा पडतो आणि लोक म्हणतात, "याच्या अंगातच नाही."

बुजलेल्या घोड्याविषयी प्राचीन ग्रीसमधला झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवले आहे की, ज्या वस्तूला घोडा भितो तिच्यापाशी त्याला मारून नेऊ नये, कारण मग मारामुळे होणाऱ्या वेदनाही त्या वस्तूमुळेच होतात असे त्याला वाटते. शांतपणे जवळ न्यावे, त्यात भिण्यासारखे काही नाही हे त्याला पाहू द्यावे. आमचे घोडेवाले घोड्याच्या बाबतीत हे पुरेपूर पाळतात. नव्या घोड्याला रेल्वेच्या शिट्टीची सवय लावताना ते आठवडेच्या आठवडे खर्ची घालतात. मग माणसाच्या पोरांनाच तेवढी घाई का, हे मला न उलगडलेले कोडे आहे.

माणसाच्या पोरावरही हा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतील मेरी कव्हर जोन्स या बाईंनी १९२४ साली पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली, तिचा वृत्तान्त प्रसिद्ध आहे. पीटर खात बसलेला असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत आणीत, तोही दूर. पोरगा निवांत खात राहिला तरच ससा पुढच्या खेपेला थोडा जवळ. असे करता करता तो सशाला हात लावू लागला. हा धडा आम्हाला वर्गात शिकवला तेव्हा मी मागच्या बाकावर मनात म्हटले, हे तर बाबांनी माझ्यावर केले! आणि बाबांनी जोन्सबाईंचे नावही ऐकलेले नाही.

बाबांनी केले ते असे. हाड जुळल्यावर एके सकाळी त्यांनी माझ्या हातात खराऱ्याचा ब्रश दिला आणि म्हणाले, "बसू नकोस. नुसती घास." पावसाळा लागलेला, धंदा थंड, त्यामुळे घाई नव्हती. पंधरा दिवस मी फक्त खरारा केला, खूर साफ केले, चंदी भिजवली. मग तिला दोरीने धरून चालवायचे : आधी तबेल्यापासून विहिरीपर्यंत, मग आणखी पुढे. धरून चालताना तिचे कान माझ्या नजरेच्या उंचीवर येत. वर बसून जे दहा वर्षांत नीट पाहिले नव्हते ते मला तिथे दिसले. ती बुजण्याआधी दोन पावले तिचा एक कान त्या दिशेला खिळतो, मान ताठरते, श्वास थांबतो. म्हणजे ती आधी सांगते. सांगितलेले ऐकू येऊ लागले तशी माझी अर्धी भीती कमी झाली. कारण मला भय चांदणीचे नव्हते, तर 'अचानक' या शब्दाचे होते.

बसले ती तबेल्याच्या दारात. घोडी उभी, लगाम बाबांच्या हातात. बसायचे, तीनदा श्वास सोडायचा, उतरायचे. घरात यायचे, चहा प्यायचा. दुसऱ्या दिवशी दहा पावले. पुढच्या आठवड्यात ओट्यासमोरच्या मोकळ्या जागेत गोल, रिकिबीतून पाय काढून, म्हणजे गुडघ्यांना आवळायची सवयच राहू नये. दुडक्या चालीपर्यंत यायला मला दीड महिना लागला. मध्ये एकदा वाऱ्याने ताडपत्री फडफडली आणि मी जागच्या जागी उतरून मोकळी झाले. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा पावलांवरून सुरुवात केली आणि या खेपेला चार दिवसांतच मागचे अंतर गाठले. हा अनुभव मला महत्त्वाचा वाटतो. मागे आलेला माणूस शून्यावर येत नाही; त्याला वाट ठाऊक झालेली असते.

श्वासाचा उपाय मात्र माझा स्वतःचा आहे. श्वास कोंडायचा नाही असे मनाला कितीही बजावले तरी तो कोंडतो. पण मोठ्याने बोलताना कोंडता येत नाही. म्हणून मी घोडीवर बसून इतिहासाच्या पेपरचे पाठांतर सुरू केले. सातवाहन, वाकाटक, चालुक्य, राष्ट्रकूट, यादव. पावसात रिकाम्या रस्त्यावरून राजवंश म्हणत जाणारी मुलगी पाहून एक-दोघांनी बाबांना काळजीने विचारलेही. राष्ट्रकूटांपर्यंत आले की खांदे आपसूक खाली येत आणि चांदणीही नाकातून फुरफुर करून मान खाली सोडी. (त्या पेपरात मला बरे गुण पडले, हा वरकड लाभ.)

त्या पत्र्याच्या बंगल्यावरून बसून जायला ऑक्टोबर उजाडला. आदल्या रात्री मी बाबांना विचारले, "सगळे लगेच बस म्हणत होते, तुम्ही का नाही म्हणालात?" ते बराच वेळ खोगिराचा तंग शिवत राहिले. मग म्हणाले, "माझं लग्न व्हायच्या आधी मी असाच पडलो होतो. तुझ्या आजोबांनी त्याच दिवशी बसवलं. त्यानंतर एक अख्खा मोसम मी घोडं हातात धरून परतायचो. लोकांना सांगायचो, जनावर थकलंय." आई चुलीपाशी होती. लग्नाला पंचवीस वर्षे झाली तरी तिलाही हे ठाऊक नव्हते.

तेव्हापासून नाक्यावर मी जरा निराळ्या नजरेने पाहते. भर मे महिन्यात रिकामा घोडा हातात धरून परतणारे दोन-तीन जण रोज दिसतात. त्यांतल्या एकाला, माझ्याच वयाच्या मुलाला, मी विचारले तर तो म्हणाला, "घोडं थकलंय." मी त्याला खराऱ्याविषयी सांगितले, पत्र्याचे आणि पाठांतराचेही सांगितले. तो हसला, पण दुसऱ्या दिवशी येऊन विचारू लागला की बारावी नापास माणसाने काय पाठ म्हणावे. गाणी चालतील, म्हटले.

आता मी हेल्मेट घालून बसते. ते एकदा जोरात आपटले की वरून धड दिसले तरी बदलावे, हेही घरी सगळ्यांना सांगून ठेवले आहे. बाबांचा घोडा म्हातारा झाल्यामुळे दिवाळीनंतर नवा आणला आहे, चार वर्षांचा, लाल, कानांनी भारी चंचल. त्याच्यावर मी अजून बसलेले नाही. सध्या कॉलेजला निघण्याआधी त्याला दोरीने धरून त्या पत्र्यापर्यंत नेते, तिथे दोघेही थोडा वेळ उभे राहतो, आणि परत येतो.