नाच तोच, मग गुन्हा कुठला? संशोधनाचा प्रश्न कसा घडतो



'भारतीय नृत्यावर पीएचडी करायची आहे, विषय सुचवा,' असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आधी एक प्रसंग बघा. आमच्या विठ्ठलवाडीत हळदीच्या रात्री मांडवात डीजे लागतो. सिनेमातल्या गाण्यांवर ताई, काकू, मावशी सगळ्या नाचतात. कुणाला काही वावगं वाटत नाही. आता तेच गाणं, त्याच स्टेप्स, पण बारमध्ये आणि पैसे घेऊन. २००५ साली महाराष्ट्रात हा गुन्हा ठरला.

मी एम.एस्सी. करून संशोधनात आले. प्रयोगात आपण एक गोष्ट बदलतो आणि बाकीच्या तशाच ठेवतो. हा कायदा वाचताना मला तसंच काहीसं दिसलं. मुंबई पोलीस कायद्यात ३३अ कलम घालून परमिट रूम आणि बिअर बारमधल्या नाचावर बंदी आणली. लगेच पुढच्या ३३ब मध्ये तीन किंवा त्याहून जास्त तारांकित हॉटेलांना आणि सभासदांपुरत्या जिमखान्यांना सूट दिली. म्हणजे नाच तोच राहिला, बदलली ती जागा आणि बघणारा वर्ग.

म्हणून 'हा नाच अश्लील आहे का?' हा प्रश्न अपुरा आहे. अश्लील कोण ठरवतं, कुणाच्या नाचाला ठरवतं आणि त्याची किंमत कोण मोजतं? संशोधन इथून सुरू होतं.

ही वाट नवी नाही. शर्मिला रेगे यांनी १९९५ च्या लेखात लावणी कलावंतिणींबद्दल लिहिताना जात आणि लैंगिकता एकत्र वाचायला शिकवलं. ॲना मॉरकॉम यांचं 'इलिसिट वर्ल्ड्स ऑफ इंडियन डान्स' (२०१३) दाखवतं की शास्त्रीय नृत्याला प्रतिष्ठा मिळत गेली, तशा पिढीजात नाचणाऱ्या बायका बाहेर ढकलल्या गेल्या. बारमध्ये नाचणाऱ्या अनेक जणी अशाच समाजांतल्या होत्या. शैलजा पैक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' (२०२२) मध्ये तमाशातल्या दलित स्त्रियांचं जगणं 'अश्लील', 'अस्सल' आणि 'माणुसकी' या आपल्याच शब्दांतून उलगडलं. तुमच्या विषयातले असे शब्द शोधा. ते लोकांच्या बोलण्यात सापडतात.

आता डेटाकडे येऊ. बंदीच्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने स्त्री संघटनेसोबत ५०० बारबालांच्या मुलाखती घेतल्या. न्यायालयात सरकारच्या बाजूनेही अहवाल मांडले गेले. एकाच विषयावर दोन चित्रं समोर आली. अशा वेळी 'कोणतं खरं?' असं विचारण्याआधी सॅम्पल बघा. कुणाला विचारलं, किती जणींना, कुठे गाठून? मुलाखत चालू असताना शेजारी मालक उभा असेल, तर उत्तर बदलतं हे विसरू नका.

२००६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, पण सरकार अपिलात गेलं आणि बंदी चालूच राहिली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. त्या निकालपत्रात या अहवालांची चर्चा आहे. पुढे २०१४ आणि २०१६ मध्ये पुन्हा कायदे आले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या काही अटी सैल केल्या. खटला न्यायालयात जिंकला तरी मधल्या वर्षांतला रोजगार कुणी परत दिला नाही.

म्हणून सांगते, आपली प्रश्नावली कुणाच्या तरी पोटाचा प्रश्न ठरू शकते. सॅम्पल निष्काळजीपणे घेतलं, तर चूक आपल्या थिसिसपुरती राहत नाही.

आज एवढंच करा. तुमच्या आवडीचा नृत्यप्रकार घ्या आणि वहीत तीन ओळी लिहा: तो प्रतिष्ठित कधी झाला, कुणामुळे झाला आणि तेव्हा कोण बाहेर गेलं. तिसरी ओळ लिहिताना अडखळलात, तर तुमचा विषय बहुधा तिथेच आहे.