पायी सफारी : दक्षिण लुआंग्वाच्या जंगलात

वाचण्याआधी बोलूया
तुम्ही कधी जंगल सफारीला गेला आहात का? तिथे गाडीतून खाली उतरायची परवानगी होती का? नसेल, तर का नसावी?

सफर आणि सफारी

'सफारी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उघडी जीप, दुर्बीण आणि झाडाखाली आळसावलेला सिंह येतो. पण स्वाहिली भाषेत 'सफारी' म्हणजे नुसता प्रवास. हा शब्द अरबी भाषेतल्या 'सफर' या शब्दावरून आला. मराठीतही 'सफर' आहेच की! म्हणजे 'सफर' आणि 'सफारी' ही एकाच घरची भावंडं.

मुलांनो, आज आपण अशा एका जंगलाची सफर करणार आहोत, जिथे लोक चक्क पायी चालत सफारी करतात. तेही सिंह आणि हत्ती असलेल्या जंगलात!

हे जंगल कुठे आहे?

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात झांबिया नावाचा देश आहे. या देशाला समुद्रकिनारा नाही, पण मोठमोठ्या नद्या आहेत. त्यातली एक लुआंग्वा. ती पुढे झांबेझी नदीला मिळते. लुआंग्वाच्या खोऱ्यात दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान आहे. १९७२ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ९,०५० चौरस किलोमीटर आहे. आपला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प बफर क्षेत्रासकट मोजला, तरी हे उद्यान त्याच्या पाचपट भरेल.

नोव्हेंबर ते एप्रिल इथे पाऊस असतो. नदी दुथडी भरून वाहते, बरेच रस्ते पाण्याखाली जातात. मे महिन्यापासून पाणी आटायला लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात तर नदीत मोजकेच डोह उरतात. मग सगळे प्राणी पाण्यासाठी नदीकाठी येतात. म्हणूनच पाहुण्यांची गर्दी कोरड्या दिवसांत जास्त असते. उरलेल्या डोहांमध्ये पाणघोडे अगदी मुंबईच्या लोकलमधल्यासारखे दाटीवाटीनं बसतात.

याच दिवसांत नदीच्या उभ्या मातीच्या काठावर लाल रंगाच्या पक्ष्यांचे थवे येतात आणि बिळं करून घरटी बांधतात. आपल्याकडे विजेच्या तारेवर बसणारा हिरवा वेडा राघू तुम्ही पाहिला असेल. हे त्याचेच आफ्रिकेतले नातेवाईक!

गाडीतून : बसून राहा!

पहिली सफारी पहाटे, उघड्या गाडीतून. इथला मुख्य नियम म्हणजे गाडीत उभं राहायचं नाही आणि हात बाहेर काढायचे नाहीत. का बरं?

गाडीत बसलेली माणसं आणि गाडी मिळून प्राण्यांना एकच मोठी वस्तू दिसते. ही वस्तू रोज येते, आवाज करते, पण काही त्रास देत नाही, हे त्यांना सवयीनं ठाऊक झालेलं असतं. म्हणून सिंह गाडीजवळ निवांत झोपून राहतो. पण त्यातून एखादा माणूस अचानक उभा राहिला, की त्या वस्तूचा आकार बदलतो. सिंहाला कळतं, 'अरे, हे तर काहीतरी वेगळंच आहे!' मग तो घाबरू शकतो किंवा चिडू शकतो.

रात्री : चमकणारे डोळे

आफ्रिकेतल्या अनेक उद्यानांत सूर्य मावळला की फिरायला बंदी असते. इथे मात्र गाईडबरोबर रात्रीची सफारी करता येते. बिबट्या, तरस, साळिंदर आणि मोठ्या डोळ्यांचा इवलासा बुशबेबी यांचा दिवस तेव्हाच सुरू होतो.

गाईडचा मदतनीस मोठा दिवा हळूहळू फिरवतो. अंधारात दोन ठिपके चमकतात. अनेक निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो. त्यावरून प्रकाश परत फिरतो आणि डोळे चमकतात. घरच्या मांजरीच्या डोळ्यांतही तुम्ही हे पाहिलं असेल.

पण दिवा कसाही मारायचा नसतो. बिबट्या 'पुकू' नावाच्या हरणाच्या मागावर असेल आणि आपण त्या पुकूच्या डोळ्यांवर प्रकाश टाकला, तर ते दिपून जाईल. त्याला पळता येणार नाही. म्हणजे शिकारीत आपण एकाची बाजू घेतली असं होईल. म्हणून चांगला गाईड अशा वेळी दिवा बाजूला वळवतो किंवा बंदच करतो.

पायी : कान आणि नाक उघडं ठेवा

आता खरी गंमत! पायी सफारीत सगळे एका रांगेत चालतात. सर्वांत पुढे बंदूकधारी वनरक्षक, त्याच्यामागे गाईड, मग पाहुणे. शेवटी कुणीतरी चहाचं सामान घेऊन चालतं, कारण मध्ये एखाद्या झाडाखाली चहा होतोच! कपडे मातकट रंगाचे. बोलणं बंद. बहुतेक कॅम्प बारा वर्षांखालच्या मुलांना या सफारीला नेत नाहीत. 'थांब' म्हटल्याक्षणी थांबणं आणि तासन्‌तास गप्प राहणं लहान मुलांना अवघड जातं. (मोठ्यांनाही जातं, पण ते कबूल करत नाहीत!)

पायी चालताना आपण 'गाडी' नसतो, आपण माणूस असतो. प्राणी माणसाला चांगलं ओळखतात. बहुतेक वेळा तेच दूर निघून जातात. म्हणून पायी सफारीत प्राणी लांबून दिसतात, पण जंगल जवळून वाचता येतं.

हो, वाचता येतं! गाईड मूठभर बारीक माती हवेत सोडतो. माती उडते त्या दिशेला वारा आहे. आपला वास हत्तींकडे जाऊ नये म्हणून तो वाट बदलतो. पुढे पांढरी विष्ठा दिसते. ती तरसाची. तरस हाडंसुद्धा खातो, त्यामुळे त्याची विष्ठा वाळली की खडूसारखी पांढरी दिसते. हत्तीची ताजी लीद असेल, तर ती आतून अजून गरम असते. म्हणजे हत्ती फार लांब गेलेला नाही!

आवाजही बातम्या देतात. माकडासारखे बबून अचानक भुंकले किंवा पुकूनं शीळ घातली, तर जवळपास बिबट्या किंवा सिंह असू शकतो. ताडोबात वानर आणि चितळ असाच इशारा देतात. आणि झुडपाआडून किडे टिपणाऱ्या ऑक्सपेकर पक्ष्यांचा कर्कश आवाज आला, तर तिथे रानम्हैस उभी असण्याची शक्यता असते. ते पक्षी तिच्या पाठीवर बसलेले असतात.

गाईडचे दोन नियम सगळ्यांना पाठ हवेत. एक : पाणघोडा आणि पाणी यांच्या मध्ये कधी यायचं नाही. पाणघोडा रात्री गवत खायला बाहेर येतो. घाबरला की तो पाण्याकडे धावतो आणि वाटेत कोण आहे ते बघत नाही. दोन : सिंह समोर आला तरी पळायचं नाही. जो पळतो त्याचा पाठलाग करायचा, ही सिंहाची सवय आहे. जागेवर उभं राहायचं आणि गाईड सांगेल तेच करायचं.

कल्पना कुणाची?

१९५० साली इथे नॉर्मन कार नावाचे वन्यजीव अधिकारी होते. तेव्हा या देशाचं नाव उत्तर ऱ्होडेशिया होतं आणि तिथे ब्रिटिशांचं राज्य होतं. जंगलात येणारे पाहुणे तेव्हा मुख्यतः शिकारीसाठी येत. कार यांनी तिथले प्रमुख न्सेफू यांच्यापुढे एक विचार मांडला : लोक बंदूक घेऊन नाही, कॅमेरा घेऊन आले तर? न्सेफू यांनी आपल्या जमातीच्या जमिनीचा एक भाग प्राण्यांसाठी राखून ठेवला. तिथे पाहुण्यांसाठी कॅम्प उभा राहिला आणि त्याचे पैसे गावाला मिळू लागले. पुढे कार यांनीच पायी सफारी लोकप्रिय केली.

मिरचीचं कुंपण

पण गोष्ट इथे संपत नाही. या उद्यानाभोवती कुंपण नाही. बाहेर गावं आहेत, मक्याची शेतं आहेत. आपल्याकडे भाकरी, तशी तिकडे मक्याच्या पिठाची 'न्शिमा' रोजच्या जेवणात लागते. हत्तींनाही मका आवडतो. चार-पाच हत्ती एका रात्रीत शेत साफ करू शकतात. म्हणजे एका कुटुंबाचं वर्षभराचं जेवण गेलं! पर्यटकाला हत्ती दिसला की तो फोटो काढतो. शेतकऱ्याला दिसला की त्याच्या पोटात गोळा येतो.

मग उपाय काय? मिरची! हत्तीचं नाक फार तीक्ष्ण असतं आणि त्याला मिरचीचा वास सहन होत नाही. शेतकरी दोरीला तेल आणि मिरचीपूड फासून शेताभोवती बांधतात. हत्तीच्या वाळलेल्या लिदीत मिरची मिसळून ती धुमसत ठेवतात. पिंगपाँगच्या चेंडूत मिरचीचा अर्क भरून तो हत्तीवर मारायचं यंत्रसुद्धा इथे वापरतात. हत्ती ठसकतो, मागे फिरतो, पण जखमी होत नाही. तरीही माणसांना रात्रभर जागून राखण करावीच लागते.

सफारीमुळे गाईड, स्वयंपाकी, चालक अशा अनेकांना काम मिळतं. पण ज्याचं शेत गेलं, त्यालाच ते काम मिळेल असं नाही. हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. आणि तो सोडवणं गरजेचं आहे. शिकारी टोळ्यांनी झांबियातले काळे गेंडे इतके मारले, की १९९८ साली ते देशातून नाहीसे झाल्याचं जाहीर झालं. २००३ साली दक्षिण आफ्रिकेतून गेंडे आणून शेजारच्या उत्तर लुआंग्वा उद्यानात सोडावे लागले. आजूबाजूची माणसं पाठीशी उभी राहिली, तरच असे प्राणी टिकतात.

म्हणून पुढच्या वेळी सफारीला गेलात, तर 'सिंह कुठे आहे?' एवढंच विचारू नका. गाईडला असंही विचारा, 'तुमचं गाव कुठलं? यंदा पीक कसं आहे?'

शब्दार्थ
दुथडी – दोन्ही काठ भरून
डोह – नदीतली खोल जागा
निशाचर – रात्री फिरणारा
लीद – हत्ती, घोडा यांची विष्ठा
राखण – पहारा
पोटात गोळा येणे – खूप भीती वाटणे

विचार करा आणि सांगा
१. गाडीतल्या माणसाला सिंह घाबरत नाही, पण पायी चालणाऱ्यापासून तो दूर जातो. असं का?
२. गाईड हवेत माती का सोडतो?
३. तुम्ही लुआंग्वाजवळचे शेतकरी आहात. हत्तींबद्दल तुम्हाला काय वाटेल? पाच-सहा वाक्यं लिहा.
४. घरच्यांना विचारा : भारतात कोणते प्राणी शेतात शिरतात? शेतकरी काय उपाय करतात?